पेट-सीटी स्कॅनला जाण्याआधी: खोटे ठिपके टाळण्यासाठी काय करायचं

माझ्या आत्याला स्तनाचा कर्करोग झाला होता. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं उरकून चौदा महिने झाले आणि तिला खोकला लागला. तो जाईना म्हणून डॉक्टरांनी पेट-सीटी सांगितला, म्हणजे अंगात साखर कुठे जास्त ओढली जाते ते दाखवणारा स्कॅन. छातीच्या मधोमध, श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंच्या गाठी उजळून निघाल्या. रिपोर्टात ‘मेटास्टॅसिसची शक्यता’, म्हणजे कर्करोग पसरल्याची शक्यता, असं आलं. गावाकडच्या एका डॉक्टरांनी तो कागद बघूनच ‘केमो लगेच सुरू करू’ म्हटलं. आमच्या मुख्य डॉक्टरांनी थांबवलं, गाठीतला तुकडा काढला, आणि अकराव्या दिवशी कळलं की तो टीबी होता. सहा महिने गोळ्या घेतल्यावर गाठी विझल्या. यंदा आत्याने स्वतः उन्हात बसून कुरडया घातल्या.

त्या आधी एक स्कॅन आमच्याच चुकांनी बिघडला होता, तोही किस्सा पुढे येईल. तिच्या तीन स्कॅनमध्ये मी वॉर्डबॉयपासून न्यूक्लियर मेडिसिनच्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना प्रश्न विचारून हैराण केलं. त्यातून जे हाती लागलं ते पायरीपायरीने लिहिते. औषधांबाबत मात्र शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

१. मशीनला नेमकं काय दिसतं, ते आधी समजून घ्या

इंजेक्शनमधून जाते ती एफडीजी, म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेली साखर. कर्करोगाच्या पेशी साखर अधाशासारखी ओढतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकातच दाखवलं होतं. पण साखर ओढणाऱ्या त्या एकट्याच नाहीत. मेंदू ओढतो, हृदय ओढतं, नुकतंच काम केलेला स्नायू ओढतो. आणि जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी तर भरपूर ओढतात. म्हणून टीबी, सारकॉइडोसिस (गाठी सुजवणारा, कर्करोग नसलेला एक आजार), न्यूमोनिया, दाढेतला पू, भरत आलेलं हाड, ऑपरेशनची ओली जखम, हे सगळं पडद्यावर कर्करोगासारखंच चमकू शकतं. जगातले साधारण पाव टीबी रुग्ण भारतात आहेत. त्यामुळे आपल्याकडे छातीतली गाठ उजळली की डॉक्टरांच्या मनात टीबी असायलाच हवा, आणि त्यांना आठवण करून द्यायला तुम्हाला लाज वाटायचं कारण नाही.

२. ‘हा स्कॅन कशासाठी?’ हे विचारा

प्रश्न उद्धट वाटतो, पण विचारा. कर्करोगाचा टप्पा ठरवायला, उपचार लागू पडतोय का बघायला, किंवा एखाद्या लक्षणाचा छडा लावायला, अशी उत्तरं आली तर ठीक. ‘एकदा सगळं अंग बघून टाकू’ असं उत्तर असेल तर जरा थांबा. सुरुवातीच्या टप्प्यातला स्तनाचा कर्करोग बरा झाल्यावर काहीही त्रास नसताना नेमाने पेट-सीटी करत राहू नये, असंच मार्गदर्शक सूचना सांगतात. तिथे डॉक्टरांची तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी असते.

धडधाकट माणसाने ‘होल बॉडी चेकअप’ म्हणून पेट करून घेणं मला तर विकतचं दुखणं वाटतं. साधा हिशोब करून बघा. समजा, १००० निरोगी दिसणाऱ्या माणसांत खरा कर्करोग ५ जणांना आहे, आणि बाकीच्यांपैकी दर १० जणांत एकाला कुठेतरी निरुपद्रवी ठिपका दिसतो. म्हणजे ५ खऱ्या रुग्णांमागे जवळपास १०० जण उगाच सुया टोचून घेणार. आकडे मी उदाहरणापुरते घेतलेत, पण मेख हीच आहे: रोग असण्याची शक्यता मुळात जितकी कमी, तितका दिसलेल्या ठिपक्यांत खोट्यांचा वाटा जास्त.

३. तारीख घाईने घेऊ नका

बहुतेक गोंधळ इथे होतो. उपचारानंतर शरीरात दुरुस्ती चालू असते आणि दुरुस्तीही साखर खाते. साधारणपणे पाळली जाणारी अंतरं अशी:

- केमोच्या शेवटच्या डोसनंतर किमान १० दिवस. लिम्फोमात (लसिका गाठींच्या कर्करोगात) सगळी केमो संपल्यावर ६ ते ८ आठवडे.
- मोठ्या ऑपरेशननंतर साधारण ६ आठवडे.
- रेडिएशननंतर जवळपास ३ महिने. डोक्या-मानेच्या कर्करोगात तर याहून लवकर केलेला स्कॅन हमखास घोळ घालतो.
- पांढऱ्या पेशी वाढवायच्या इंजेक्शननंतर साधारण २ आठवडे. नाहीतर अख्खा अस्थिमज्जा आणि पाणथरी उजळते आणि वाचणाऱ्याला वाटतं, हाडांत पसरलाय.
- लस घेतली असेल तर त्या बाजूच्या काखेतल्या गाठी काही आठवडे चमकतात. कोविडच्या लसीच्या काळात हे जगभर दिसलं. स्तनाचा कर्करोग असलेल्या बाईने लस दुसऱ्या बाजूच्या दंडावर घ्यावी, आणि स्कॅन तातडीचा नसेल तर ४ ते ६ आठवडे थांबावं.

पाळी चालू असलेल्या मुलीबायकांमध्ये अंडाशय आणि गर्भाशय महिन्याच्या ठरावीक दिवसांत आपोआप उजळतात. शक्य असेल तर पाळी संपल्याच्या लगेचच्या दिवसांतली तारीख घ्या. ते जमलं नाही तर निदान शेवटच्या पाळीची तारीख फॉर्मवर लिहा. अंगावर पाजणाऱ्या आईने तेही सांगावं, कारण दुधाने भरलेला स्तन चमकतो.

लहान मुलांच्या आईबाबांसाठी एक गोष्ट: केमोनंतर छातीतली थायमस ग्रंथी पुन्हा फुगते आणि उजळते. ती रोग परतल्यासारखी दिसू शकते. माझ्या ओळखीतल्या एका बाबाने हे आधी ऐकलं असतं तर त्याचे चार आठवडे नरकात गेले नसते.

तारखेच्या सगळ्या सूचनांना एक अपवाद आहे. डॉक्टर म्हणाले ‘थांबता येणार नाही’, तर थांबू नका. फक्त फॉर्मवर मागच्या उपचाराच्या तारखा ठळक लिहा.

४. एका पानावर रुग्णाची कहाणी लिहा

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि हिच्याकडेच सगळे दुर्लक्ष करतात. स्कॅन वाचणारा डॉक्टर तुमच्या पेशंटला बहुधा भेटत नाही. त्याच्यापुढे असतात काळी-पांढरी चित्रं आणि ‘नोन केस ऑफ सीए ब्रेस्ट’ (स्तनाच्या कर्करोगाची पेशंट) ही एक ओळ. आत्या लहान असताना तिच्या आजोबांना टीबी होता आणि ती त्यांच्याच खोलीत झोपायची, हे आम्हाला माहीत होतं. फॉर्मवर ते लिहायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

पानावर हे असू द्या: ऑपरेशन कोणतं, कधी, कोणत्या बाजूला. केमो आणि रेडिएशनच्या शेवटच्या तारखा, रेडिएशन कुठे दिलं ते. स्वतःला किंवा घरात कुणाला झालेला टीबी. गेल्या दोन-तीन महिन्यांतला ताप, खोकला, पडणं, हाड मोडणं, दाताचं काम, इंजेक्शनं, लशी आणि त्या कोणत्या दंडावर. मधुमेह, थायरॉईड, संधिवात. चालू औषधांची यादी. अंगात बसवलेल्या वस्तू: पेसमेकर, गुडघ्याचा किंवा खुब्याचा सांधा, केमोपोर्ट, स्टेंट. फुप्फुसाभोवती पुन्हा पाणी होऊ नये म्हणून कधी टाल्कची पूड सोडली असेल तर ते नक्की लिहा, कारण त्या जागा कित्येक वर्षं उजळत राहतात.

सोबत न्यायची कागदपत्रं:

- डॉक्टरांची चिठ्ठी, त्यात स्कॅनचं कारण स्पष्ट लिहिलेलं
- बायोप्सीचा मूळ रिपोर्ट
- डिस्चार्ज कार्ड, रेडिएशनची समरी
- क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या तपासणीचा) ताजा रिपोर्ट, कारण बऱ्याचदा कॉन्ट्रास्टही (सीटीचं चित्र ठळक करणारं औषध) देतात
- आधीच्या पेट, सीटी, एमआरआयच्या सीडी आणि रिपोर्ट
- आधार कार्ड, योजनेची किंवा विम्याची कागदपत्रं

सीडीचा सापळा सांगते. नुसत्या फिल्मा किंवा मोबाईलवर काढलेले फोटो तुलनेला उपयोगाचे नसतात. सीडी घरी एकदा कॉम्प्युटरवर उघडून बघा. आमची एक सीडी कोरी निघाली, आणि ते आम्हाला कळलं काउंटरवर, सकाळी सात वाजता. जुनी चित्रं समोर असली की ‘ही गाठ दोन वर्षांपूर्वीही एवढीच होती’ असं डॉक्टर म्हणू शकतात. ते एक वाक्य एक बायोप्सी वाचवतं.

५. आदल्या दिवसापासून अंगाला आराम

आदल्या दिवशी व्यायाम, सायकल, जिने चढउतार, कपडे धुणं, बाळाला कडेवर घेऊन फिरणं, सगळं बंद. इथेच आमचा तो बिघडलेला स्कॅन. आम्ही साताऱ्याहून रात्रीच्या एसी बसने निघालो. पहाटे दादरला उतरून आत्याने हट्टाने स्वतःची पिशवी उचलली आणि पुलाच्या पायऱ्या चढली. बसमध्ये ती रात्रभर कुडकुडत होती. त्यातून सुपारी तोंडात होतीच. चित्रात खांद्याचे स्नायू चमकले, जबड्याचे चमकले, आणि मानेच्या दोन्ही बाजूंना, गळपट्टीच्या हाडावर ठिपकेच ठिपके. तिथल्या डॉक्टरांनी ते ओळखलं म्हणून बरं. त्यांनी लिहिलं, ‘ब्राउन फॅट’.

ब्राउन फॅट म्हणजे थंडी वाजली की ऊब निर्माण करणारी चरबी. ती बसलेली असते नेमकी मानेत, काखेजवळ, पाठीच्या कण्यालगत, म्हणजे जिथे गाठी शोधायच्या तिथेच. तरुण, सडपातळ मुलींमध्ये ती जास्त दिसते. उपाय सोपा आहे: ऊब. प्रवासात शाल, पायमोजे, कानटोपी. मे महिन्यात मुंबईत कानटोपी घातली म्हणून लोक हसतील, हसू द्या. पूर्वीच्या स्कॅनमध्ये हा त्रास झाला असेल तर डॉक्टरांना सांगा. काही वेळा ते आधी प्रोप्रॅनोलॉलची गोळी देतात.

लांबून येणार असाल तर आदल्या दिवशी दुपारीच पोहोचा. एक मुक्काम पडेल, पण स्कॅन पुन्हा करण्यापेक्षा स्वस्त.

आदल्या रात्रीचं जेवण बऱ्याच ठिकाणी कमी पिष्टमय सांगतात. म्हणजे भात, भाकरी, बटाटा, फळं, गोडधोड नको. अंडी, पनीर, मासे, चिकन, पालेभाजी चालते.

६. ‘उपाशी’ म्हणजे खरंच उपाशी

हा मराठी घरांतला खास सापळा. काउंटरवर सांगतात, ‘सहा तास उपाशी या.’ आपल्या कानाला ‘उपास’ ऐकू येतो. एक काका साबुदाण्याची खिचडी आणि दोन केळी खाऊन आले होते, वर म्हणाले, ‘उपासाचंच आहे.’ त्यांना दुसरी तारीख मिळाली. चहा, दूध, लिंबू-सरबत, शहाळं, इलेक्ट्रॉल, खोकल्याचं गोड औषध, गोळी-चॉकलेट, च्युइंगगम, तंबाखू, पान, काहीच नको. साधं पाणी मात्र भरपूर प्या. पाणी प्यायल्याने इंजेक्शनचं औषध लघवीवाटे लवकर निघतं आणि चित्र स्वच्छ येतं.

मधुमेह असेल तर तारीख घेतानाच सांगा. साखर साधारण २०० च्या आत असावी लागते. जास्त असली तर खरा रोगही झाकला जाऊ शकतो. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीमुळे आतडी लांबच लांब उजळतात. पोटातलं काही शोधायचं असेल तर ती ४८ तास आधी थांबवायला सांगतात. पण आपल्या मनाने थांबवू नका, त्याऐवजी काय घ्यायचं ते विचारा. आणि साखर २३० निघाली म्हणून कॉरिडॉरमध्ये गपचूप स्वतःच्या पेनने इन्शुलिन टोचून घेऊ नका. इन्शुलिन सगळी साखर स्नायूंत ढकलतं आणि चित्रात फक्त स्नायू दिसतात. जलद इन्शुलिन आणि एफडीजी यांत किमान ४ तासांचं अंतर लागतं.

आणखी एक. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होत जातं, म्हणून औषध साठवून ठेवता येत नाही. देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन, म्हणजे असे किरणोत्सारी पदार्थ बनवणारं यंत्र, मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली सुरू झाला. आजही बऱ्याच शहरांतल्या केंद्रांना ते औषध सायक्लोट्रॉन असलेल्या ठिकाणाहून रोज पहाटे गाडीने येतं. गाडी उशिरा आली की सगळ्यांचा नंबर लांबतो आणि मधुमेही माणसाला घाम फुटतो. चक्कर, थरथर जाणवली की लगेच स्टाफला सांगा, अंगावर काढू नका.

७. इंजेक्शन आणि त्यानंतरचा तास

आधी वजन काट्यावर करून घ्या. ‘बासष्ट असेल’ असं अंदाजे सांगू नका. रिपोर्टमधला एसयूव्ही हा आकडा, म्हणजे त्या जागी साखर किती गेली याचं माप, वजन आणि औषधाच्या मात्रेवरून काढतात. वजन चुकलं की आकडा चुकला.

स्तनाचा कर्करोग ज्या बाजूला, त्याच्या उलट्या हातात सुई लावायला सांगा. औषध शिरेबाहेर सांडलं तर ते काखेतल्या गाठींत जाऊन बसतं आणि तिथे खोटा ठिपका दिसतो. सुईजवळ फुगलं, चरचरलं तर गप्प बसू नका, तसं लिहून घ्यायला सांगा.

मग साधारण एक तास अंधुक खोलीत पडून राहायचं. बोलायचं नाही, मोबाईल नाही, चघळायचं नाही. बोललं की स्वरयंत्राचे स्नायू उजळतात. दुसऱ्या स्कॅनच्या वेळी आत्या डोळे मिटून विष्णुसहस्रनाम पुटपुटत होती. टेक्निशियन मुलगा हळूच येऊन म्हणाला, ‘मावशी, आज मनातल्या मनात म्हणा. देवाला ऐकू जातं.’ आत्याला तो इतका आवडला की तिने त्याला जाताना तिळगुळाचा डबा दिला. तेवढ्या तासात घोंगडी मागून घ्या, खोलीतला एसी कडक असतो.

मशीनवर जाण्याआधी लघवी करून या, आणि कपड्यावर थेंब सांडला तर कपडा बदला. तो थेंबही कमरेच्या हाडावरचा ठिपका होऊन बसतो. मंगळसूत्र, साखळी, कवळी काढून ठेवा. अंगातल्या धातूच्या सांध्याभोवतीही कॉम्प्युटरच्या हिशोबामुळे खोटी चमक येते. डॉक्टर त्यासाठी कॉम्प्युटरने दुरुस्ती न केलेली चित्रं वेगळी बघतात, म्हणूनच सांध्याबद्दल आधी सांगणं गरजेचं. आत गेल्यावर शांत, उथळ श्वास घ्या. मोठा श्वास घेतला की यकृताच्या वरच्या टोकावरची गाठ फुप्फुसात आहे असं भासू शकतं.

घरी गेल्यावर त्या दिवशी काही तास नातवंडांना आणि गरोदर सुनेला जरा लांब ठेवा.

८. रिपोर्ट हातात आला. आता?

आधी गुगल बंद करा. ‘एफडीजी अ‍ॅव्हिड’, ‘हायपरमेटाबॉलिक’ याचा अर्थ एवढाच की इथे साखर जास्त गेली. ‘क्लिनिकली कोरिलेट’ म्हणजे वाचणारा डॉक्टर सांगतोय, मला चित्र दिसलं, माणूस नाही. माणूस बघून ठरवा. एसयूव्ही २.५ च्या वर म्हणजे कर्करोग, हा समज व्हॉट्सअ‍ॅपवर फार फिरतो. तो खोटा आहे. आत्याच्या टीबीच्या गाठीचा आकडा ८ च्या पुढे होता, आणि काही खरे कर्करोग २ च्या आसपास रेंगाळतात. हा आकडा मशीननुसार, साखरेनुसार, थांबलेल्या वेळेनुसार हलतो. म्हणून पुढचा स्कॅन शक्यतो त्याच केंद्रात, त्याच मशीनवर करा.

लिम्फोमाच्या रिपोर्टात १ ते ५ असा डोव्हिल स्कोअर असतो. ३ म्हणजे ठिपका यकृताहून उजळ नाही, आणि बहुतेक वेळा ती चांगली बातमी असते. मधलाच आकडा म्हणून रडारड नको.

डॉक्टरांकडे जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्या. ही चमक दुसऱ्या कशाने असू शकते का? दोन्ही बाजूंना सारखीच आहे का? (छातीच्या मध्यात दोन्हीकडे सारख्या गाठी असल्या की टीबी किंवा सारकॉइडोसिसचा संशय बळावतो.) जुन्या चित्रांशी तुलना केली का? काही आठवडे थांबून पुन्हा बघितलं तर नुकसान होईल का? सीडी दुसऱ्या न्यूक्लियर मेडिसिन तज्ज्ञाला दाखवू का? चांगले डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाहीत.

थायरॉईडबद्दल वेगळं सांगते. अख्खी ग्रंथी सारखी उजळली असेल तर बहुधा सूज असते. एकच ठळक ठिपका असेल तर मात्र सोनोग्राफी कराच. आतड्यातल्या एकाच ठिकाणच्या ठिपक्यालाही कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) लागते. खोट्या ठिपक्यांच्या नादात खरा सुटला, असं व्हायला नको.

९. उपचार बदलण्याआधी तुकडा

नव्या जागी ठिपका दिसला आणि त्यावरून उपचाराची दिशा बदलणार असेल, तर विचारा, ‘बायोप्सी करता येईल का?’ दर वेळी येत नाही. जागा अवघड असते, पेशंट थकलेला असतो. पण आत्यासारख्या छातीतल्या गाठींसाठी ईबस नावाची तपासणी आहे. तोंडातून दुर्बीण श्वासनलिकेत घालतात, तिच्या टोकाला सोनोग्राफी असते, आणि बारीक सुईने गाठीतला नमुना घेतात. आत्याला झोपेचं औषध दिलं होतं, संध्याकाळी ती घरी होती, घसा दोन दिवस दुखला.

नमुना पाठवताना सांगा की तो पॅथॉलॉजीबरोबर टीबीच्या तपासणीलाही गेला पाहिजे, म्हणजे जीन एक्स्पर्ट (टीबीच्या जंतूचं जनुक शोधणारी तपासणी) आणि कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून बघणं). हे आधीच सांगावं लागतं, कारण सगळा नमुना फॉर्मलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रवात) बुडवला की त्यातून टीबीचं कल्चर करता येत नाही. आमच्या वेळी निवासी डॉक्टरांनी आपणहून दोन बाटल्या भरल्या, एक फॉर्मलिनची, एक साध्या सलाइनची. सलाइनची बाटली हातात घेऊन मी स्वतः तीन मजले उतरून लॅबमध्ये देऊन आले.